नाकातली काडी आणि फॉर्मवरची तारीख

काडी वर जात नाही, मागे जाते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या लॅबच्या बाकावर बसून राहिलं की पहिल्यांदा हेच लक्षात येतं. माणूस खुर्चीत बसतो, आपोआप नाक वर करतो आणि काडी आता कपाळात घुसणार या भीतीने डोळे मिटतो. नमुना घेणाऱ्या ताई त्याची मान जरा मागे कलवतात आणि काडी टाळूला समांतर, कानाच्या रोखाने सरळ नेतात. नाकपुडी ते कान एवढं अंतर, किंवा आत काहीतरी अडल्यासारखं होईपर्यंत. मग काडी हळूच फिरवायची, चार-पाच सेकंद तिथंच धरायची आणि बाहेर काढायची. डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो.

कोरोनाच्या काळात ‘त्यांचा हात हलका आहे, कळलंसुद्धा नाही’ अशी तारीफ आपण सगळ्यांनीच ऐकली. मला आता त्या तारफेची शंका येते. विषाणू राहतो नाकाच्या पार मागच्या भागात. नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवून परत आणली, तर पुढचं यंत्र कितीही महागाचं असो, त्याच्यापुढे जातं ते नुसतं शेंबडाचं पाणी. काडीही कान कोरायची चालत नाही. टोकाला नायलॉन किंवा पॉलिस्टर लागतं, कारण कापूस आणि लाकडाची दांडी तपासणीत अडथळा आणू शकतात.

शहराच्या पूर्व भागातून आलेल्या एका आजींना मराठी कळत होतं, पण घाबरल्यावर तेलुगूच आठवत होतं. ताई म्हणाल्या, “नोरु तेरवंडी, आजी,” आणि आजींनी तोंड उघडलं. घशाचा नमुना घेताना काडी जिभेला, दातांना लागू द्यायची नाही. येण्याआधी चहा-नाश्ता किंवा मिठाच्या गुळण्या नकोत, हे सांगूनही निम्मे लोक दारातल्या टपरीवर कप रिकामा करूनच आत येतात.

काडीची दांडी खुणेवर मोडून टोक गुलाबी द्रवाच्या नळीत जातं. त्यात क्षार, थोडं प्रथिन आणि प्रतिजैविकं असतात. विषाणू टिकावा आणि जिवाणू माजू नयेत एवढ्यासाठी. मग बर्फाच्या डब्यात, दोन ते आठ अंश सेल्सियसला.

खरी घाई होते ती फॉर्मवर. ‘लक्षणं कधी सुरू झाली?’ या रकान्यापुढे उत्तर येतं, “झाले की चार-सा दिवस.” चार का सहा? ताई सोडत नाहीत. “ताप आला तो वार सांगा, काका. बाजाराच्या आधी का नंतर?” हा हट्ट योग्य आहे. फ्लू असो वा कोरोना, नाकातला विषाणू पहिल्या काही दिवसांत भरपूर असतो, मग ओसरतो. आठ-दहा दिवस अंगावर काढून आलेल्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्याला लागण झालीच नव्हती असं म्हणता येत नाही. आजार छातीत उतरला असेल तर नाक कोरं आणि बेडका पॉझिटिव्ह, असंही होतं. आणि कागदावर तारीख नसेल तर डॉक्टर ते ओळखणार कशावरून?

या लॅबमध्ये पीसीआरचं यंत्र नाही. पेठेतल्या बहुतेक छोट्या लॅबसारखं इथं फक्त नमुना घेतात, डबा संध्याकाळी मोठ्या प्रयोगशाळेकडे जातो. यंत्राचं काम तासा-दोन तासांचं, उशीर होतो तो प्रवासात आणि पुरेसे नमुने जमेपर्यंत. तिथं विषाणूचा आरएनए वेगळा काढतात, त्याचा डीएनए करतात आणि साधारण चाळीस फेऱ्यांत तो वाढवत नेतात. प्रत्येक फेरीत जवळपास दुप्पट. सोबत माणसाचाही एक जनुक शोधला जातो. तो सापडला नाही, तर काडीला पेशीच लागलेल्या नाहीत असं धरून पुन्हा नमुना मागवतात. म्हणून ‘फेरनमुना’ असा फोन आला तर लॅबवर चिडू नये, तिनं खोटा निगेटिव्ह द्यायचं टाळलेलं असतं.

कितव्या फेरीत विषाणू दिसला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. 2021 च्या उन्हाळ्यात घरोघरी “स्कोअर किती आला?” असं विचारलं जायचं आणि त्यात दोन आकड्यांची खिचडी व्हायची. छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी, जास्त तितका वाईट. पीसीआरचा सीटी उलटा, कमी तितका विषाणू जास्त. सतरा आणि चौतीस यांत कागदावरच्या गणिताने सव्वा लाख पटींहून अधिक फरक पडतो. तरीही त्या आकड्यावरून आजार किती गंभीर हे ठरवू नका, असं आयसीएमआरने तेव्हाच सांगितलं होतं, कारण काडी कशी फिरली यावरही तो हलतो.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या खासगी तपासणीची कमाल किंमत साडेचार हजार रुपये होती, वर्षभराने राज्य सरकारने ती लॅबमध्ये पाचशेवर आणली. आता लोक उलट टोकाला गेलेत. साध्या सर्दीला वीस विषाणूंची यादी तपासणारं पॅनल मागतात, हजारो रुपये घालतात, आणि बहुतेकांचं औषध त्याने बदलत नाही.

2009 च्या स्वाइन फ्लूपासून सरकारी नियमावलीत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. सौम्य ताप-खोकल्याचा अ गट आणि ब गट, दोघांनाही तपासणीची गरज नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, नखं निळी पडणं ही क गटाची लक्षणं. अशा रुग्णाने आधी दवाखाना गाठायचा, काडी तिथंही फिरवतात. गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल आणि डॉक्टरांना फ्लूचा संशय असेल, तर फ्लूचं औषध रिपोर्ट यायच्या आधीच सुरू करतात. ते पहिल्या 48 तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं.

काउंटरवरचा फोन वाजला. यंत्रमागावर काम करणारे कुणी विचारत होते, घरी केलेली किट निगेटिव्ह आलीय, पाळीवर जाऊ का?

“ताप आहे का अजून?”

“हाय की.”

“मग ती निगेटिव्ह धरू नका. घरीच थांबा, मास्क लावा. डॉक्टरांनी लिहून दिलं तर उद्या सकाळी पीसीआरला या. चहा न पिता.”