गाईड रिटायर कधी होणार?

यवतमाळच्या बसस्थानकावर अमरावतीच्या गाडीत फाईल छातीशी धरून बसलेली मुलं-मुली दिसू लागल्या, की पीएच.डी.च्या नोंदणीचे दिवस आले समजावं. जिल्ह्यातली महाविद्यालयं 1983 पासून अमरावती विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे ही वाट ठरलेली. नेट किंवा पेट झालेली असते. आता गाईड शोधायचा असतो. आणि एवढा मोठा निर्णय बहुतेक वेळा कॅन्टीनमधल्या ऐकीव माहितीवर होतो.

पहिली ऐकीव गोष्ट: ‘सर मोठे आहेत, त्यांच्याकडेच कर.’ मोठ्या नावाचा माणूस वाईट गाईड असतो असं नाही, पण त्याच्याकडे जागाही हवी आणि वेळही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. आठवा विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याच्या प्रकरणावर लाल पेन कधी फिरणार, हा हिशेब आधी करावा. पीएच.डी. झालेला आणि किमान तीन शोधनिबंध असलेला कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकही गाईड होऊ शकतो. तुमचा पहिला मसुदा तोच आठवड्यात वाचून देईल, असंही होतं.

दुसरा समज असा, की एकदा नोंदणी झाली की गाईड शेवटपर्यंत आपलाच. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, एवढं अनेकांना माहीत असतं. पुढचं गणित मात्र कोणी करत नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि सहा वर्षांपर्यंत मुदत असते. म्हणजे साडेतीन वर्षं उरलेल्या सरांकडे नियमात बसून नोंदणी होईल, पण ऐन लिखाणाच्या वेळी ते निवृत्त झालेले असतील. त्यानंतर ते सत्तर वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. मुख्य मार्गदर्शक म्हणून दुसरं कोणीतरी शोधावं लागतं. तेव्हा ही तारीख पहिल्याच भेटीत माहीत करून घ्या.

‘असं विचारणं बरं दिसत नाही,’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. आपल्याकडे गुरूची चौकशी करणं उद्धटपणाचं मानतात. पोरीसाठी स्थळ बघताना गावभर चौकशी करणारे बापही इथे गप्प बसतात! चौकशी सरांच्या माघारी करायची असेल तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे करा, आणि झालेल्यांपेक्षा अर्ध्यात सोडलेल्यांकडे आधी. प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागायचे? शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं यायचं? बँकेची, घरची कामं सांगितली जायची का? मुलींनी मुलींना वेगळं विचारावं. शोधगंगा या संकेतस्थळावर गाईडचं नाव टाकलं, तर त्यांच्या हाताखालचे प्रबंध दिसतात. दोन उघडून वाचा. दोन्हींतली वाक्यं सख्खी भावंडं वाटली, तर सावध व्हा. ऋणनिर्देशाचं पान मात्र सोडून द्या, तिथे प्रत्येक गाईड देवमाणूसच असतो.

प्रयोगशाळेचं वेगळं आहे. ‘मशीन आहे म्हणजे लॅब चांगली’ यात अर्धंच तथ्य. समजा, तुम्हाला पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करायचंय. या पट्ट्यात तो प्रश्न खराच आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे निष्कर्ष दशांशावर उभा. मग विचारायचं ते हे: इलेक्ट्रोड चालू आहे की कपाटात? शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? नमुने नागपूरला पाठवावे लागले, तर दर नमुन्याचे पैसे कोण देणार? ‘बघू’ असं उत्तर आलं, तर खर्च तुमच्या खिशातून जाणार हे धरून चाला. जेआरएफ असेल तर महिन्याला 37,000 रुपये असतात. नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योतीच्या योजना बघाव्यात. ही अधिछात्रवृत्ती गाईड देत नाही, पण प्रगती अहवालावर सही त्याचीच लागते.

विषय जिल्ह्यातला म्हणून गाईडही जिल्ह्यातलाच हवा, असंही नाही. टिपेश्वरमधून निघून 2019 मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत चालत गेलेल्या वाघाच्या गळ्यात कॉलर घातली होती ती डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी. उलट, चांगलं काम करायचं तर जिल्हा सोडावाच लागतो, हेही खरं नाही. पदव्युत्तर वर्ग आणि संशोधन केंद्राची मान्यता असलेल्या महाविद्यालयातही पीएच.डी. करता येते.

शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही, हे जुनं झालं. यूजीसीने ती सक्ती 2022 मध्ये काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा बघून घ्या.

राहिली लग्नाची गोष्ट. ‘लग्न झालं की पोरीची पीएच.डी. बुडाली’ असं सांगून घरचे नोंदणीच करू देत नाहीत. नियमात 240 दिवसांची प्रसूती रजा आहे, मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे आणि लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते, जुन्या संस्थेला आणि गाईडला श्रेय देऊन. फक्त ते काम गाईडने एखाद्या संस्थेकडून मिळवलेल्या निधीच्या प्रकल्पातलं असेल, तर नेता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत आणखी एक प्रश्न: सर, माझा विषय तुमच्या प्रकल्पातला आहे की माझा?