कृत्रिम हात आणि थकणारं डोकं

मंडळी, आज सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. शेजारचा पाण्याचा गिलास उचला, एक घोट घ्या, परत ठेवा. झालं? आता सांगा, बोटांनी किती जोर लावायचा याचा विचार केला होता का? नाही ना! गिलास जरा निसटू लागला की बोटांची त्वचा खबर देते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड आपोआप घट्ट होते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही खबर बंद झाली तर काय होतं, हे वर्ध्याला नवं नाही. 1936 साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी इथे दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. कुष्ठरोगात चेतातंतू बधिर होतात. बोटं जागेवर असतात, पण तापलेलं भांडं धरलं तरी चटका कळत नाही. म्हणून मग प्रत्येक वस्तूला हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहावं लागतं.

आता ज्याचा हात मळणीयंत्रात किंवा कडबा कुट्टीत गेला, त्याचा विचार करू. त्याच्याकडे खबरही नाही आणि बोटंही नाहीत. त्याला कृत्रिम हात मिळतो. एका प्रकारात दुसऱ्या खांद्यावरून पट्टा आणि तार असते. खांदा पुढे ढकलला की तार ताणली जाते आणि टोकाचा आकडा उघडतो. दुसरा प्रकार बॅटरीवरचा. कोपराखाली उरलेले स्नायू आवळले की अतिसूक्ष्म विद्युत संकेत निघतो. तो कातडीवरचे इलेक्ट्रोड टिपतात. स्नायूंचा एक गट आवळला की हात मिटतो, दुसरा आवळला की उघडतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण मेंदूचं काम बघा. ‘गिलास धर’ हा एक हुकूम आता चार हुकमांचा झाला: योग्य स्नायू आवळ, बाकीचे सैल ठेव, बोटांवर नजर ठेव, वेळेवर थांब. घाम आला किंवा हात डोक्यावर नेला तरी संकेत बदलू शकतो. स्पर्श नाही, म्हणून डोळे गिलासाऐवजी हातावरच खिळतात. तारेच्या हातात निदान तारेचा ताण खांद्याला जाणवतो. बॅटरीच्या बहुतेक हातांत तेवढाही आधार नसतो. अशा वेळी कोणी बोलायला लागलं की गिलास पडतो.

आणि मग घरात वाक्य येतं, ‘एवढा महागाचा हात आणला, अन् हा तर पेटीत ठेवून देते.’ मंडळी, हा आळस नाही. थकवा दंडाला येतो, त्याहून जास्त डोक्याला येतो. एका हाताने काम लवकर उरकतं, म्हणून माणूस तिकडे वळतो. असे हात जगभर पेटीत पडतात, आणि त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच मातीत सापडतं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला: हाताच्या कामातून शिक्षण. ज्यांनी टकळीवर सूत काढलंय त्यांना आठवेल. पहिल्या दिवशी श्वास रोखून बसलो तरी धागा तुटायचा. महिन्याभराने गप्पा मारत कातता यायचं. हात तोच होता. मेंदूने काम लक्षाच्या ताब्यातून काढून सवयीच्या ताब्यात दिलं होतं.

कृत्रिम हाताचंही तसंच. हात शक्य तितक्या लवकर बसवावा. सराव थोडा थोडा, पण रोज. डोकं शिणलं की थांबायचं. आधी हलके, न फुटणारे डबे. गरम भांडी आणि चालू यंत्रं दूरच. सुरुवातीला घरच्यांनी सरावाच्या वेळी बोलू नये. पुढे मुद्दाम गप्पा माराव्यात, कारण परीक्षा तीच आहे. आणि कामं त्याच्या गरजेची निवडावी: पोतं धरणं, सायकलची मूठ पकडणं.

म्हणून हात बसवून घेतलेल्या माणसाला ‘जमतंय का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘डोकं थकतं का?’ हेही विचारा. ज्या दिवशी तो तुमच्याकडे बघत, बोलत बोलत चहाचा कप उचलेल, त्या दिवशी समजा, हात त्याचा झाला.