नोकरीच्या आधारावर उभा राहिलेला खेळ

दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसलेले रामकृष्णपुरम, ही मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली आणि सेक्टरच्या आकड्यांनी ओळखली जाणारी वसाहत आहे. सरकारी नोकरी, तिच्याबरोबर येणारे क्वार्टर आणि महिन्याच्या पगाराची शाश्वती यांवर जसे येथील घराघरांतले जीवन उभे राहिले, तसाच भारतातील महिला बास्केटबॉलही नोकरीच्याच आधारावर उभा राहिला, आणि राष्ट्रीय संघाचे यशापयश समजून घ्यायचे तर सुरुवात येथूनच करावी लागते.

खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या नोकऱ्यांना बोलीत ‘स्पोर्ट्‌स कोटा’ म्हणतात. गीतू अण्णा जोस आणि अनिता पॉलदुराई या दक्षिण रेल्वेच्या, पी. एस. जीना केरळच्या वीज मंडळाची, तर मूळची वाराणसीची आणि 2019 मध्ये पद्मश्री मिळालेली प्रशांती सिंग दिल्लीच्या एमटीएनएलची. थोडक्यात, देशाची जर्सी घालणाऱ्या मुलीचे नाव बहुधा कोणत्या तरी कार्यालयाच्या हजेरीपटावरही असते.

महिलांची जागतिक स्पर्धा 1953 मध्ये चिलीत, तर आशियाई स्पर्धा 1965 मध्ये सोलला सुरू झाली. ऑलिंपिकने मात्र महिला बास्केटबॉलला 1976 पर्यंत ताटकळत ठेवले. जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक या दोन्हींची पात्रता भारतीय महिलांना आजवर मिळालेली नाही, त्यामुळे त्यांची खरी कसोटी लागते ती आशिया चषकात. या स्पर्धेचे 2017 पासून दोन गट आहेत: ‘अ’ गटात बलाढ्य संघ खेळतात आणि ‘ब’ गटाचा विजेता वर चढतो. त्याच वर्षी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये भारताने कझाकस्तानला 75-73 असे नमवून ‘ब’ गट जिंकला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती, आणि पुढे राष्ट्रीय संघाचे नेतृत्वही तिच्याकडे आले. वर चढण्यापेक्षा तेथे टिकणे अवघड ठरले: 2019 आणि 2021 या दोन्ही स्पर्धांत भारत आठ संघांत शेवटचा राहिला आणि पुन्हा ‘ब’ गटात उतरला.

2017 च्या त्याच बंगळुरूच्या स्पर्धेत ‘अ’ गटाचा अंतिम सामना जपानने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 74-73 असा एका गुणाने जिंकला होता, आणि चारच वर्षांनी हा संघ टोकियो ऑलिंपिकच्या रौप्यपदकापर्यंत पोहोचला. उंचीत प्रतिस्पर्ध्यांहून कमी असलेल्या या मुलींनी रिंगखालच्या झटापटीपेक्षा वेगावर आणि थ्री-पॉइंटरवर, म्हणजे रिंगपासून 6.75 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या व तीन गुण देणाऱ्या शॉटवर, भर दिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जपानचा महिला बास्केटबॉलही मोठ्या कंपन्यांच्या संघांवरच पोसला गेला आहे. एनिऑस, टोयोटा, फुजित्सू, डेन्सो ही तेथील संघांची नावे बाजारातलीच आहेत. म्हणजे दोष नोकरीचा नव्हे. तेथे कंपन्यांचे संघ एका लीगमध्ये महिनोन्‌महिने एकमेकांशी झुंजतात, तर येथे नोकरी देणाऱ्या संस्थांचे संघ मोजक्या स्पर्धांपुरते एकत्र येतात आणि राष्ट्रीय संघाची बांधणी बऱ्याच अंशी सराव शिबिरांवर सोपवली जाते. शिबिरात तंदुरुस्ती येते, डावपेचही पाठ होतात. पण शेवटच्या दोन मिनिटांत एका गुणाने मागे असताना चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवण्याची सवय अटीतटीच्या सामन्यांतूनच लागते.

2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इंडोनेशिया आणि मंगोलिया यांना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, मात्र तेथे उत्तर कोरियाने त्याला रोखले.