वस्तूचा स्वभाव

माणसाला स्वभाव असतो हे आपण सारेच मानतो. बैलालाही असतो, दावणीला बांधलेल्या दोन बैलांत गरीब कोणता आणि मारका कोणता, हे घरातले लहान पोरही सांगते. पण वस्तूला स्वभाव असतो असे म्हटले तर कित्येकांना हसू येईल. तरीपण असे पाहा. घरात चार तांबे असतात आणि आजोबांना पाणी प्यायला त्यांतला एकच लागतो. विळ्या दोन असतात, पण भाजी चिरायला बसताना हात नेमका एकीकडेच जातो. का, म्हणून विचारले तर "ती हाताला बरी लागते," एवढेच उत्तर मिळते. हे जे 'बरे लागणे' आहे, त्याचाच अभ्यास करणारे विद्यार्थी आज आपल्या देशात शिकत आहेत. ते काय करतात, आणि आपल्या बीड जिल्ह्याला त्यांच्याशी काय कर्तव्य आहे, ते थोडक्यात पाहू.

या विद्यार्थ्यांना प्रॉडक्ट डिझायनर म्हणतात. आपण त्यांना वस्तुरचनाकार म्हणू. वस्तू चालेल कशी आणि टिकेल किती, हे इंजिनिअर पाहतो. खपेल किती, हे व्यापारी पाहतो. रचनाकार पाहतो ती माणसाची आणि वस्तूची गाठ पडते ती जागा: मूठ, कान, काठ, झाकण, तोटी. पूर्वी ही सगळी कामे एकाच माणसाकडे होती. गावचा लोहार विळा घडवी तेव्हा गिऱ्हाईक भात्याजवळ उभे असे. डावखुऱ्याचा विळा वेगळा, म्हातारीचे खुरपे हलके, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. कारखाना आला आणि घडवणारा व वापरणारा यांची ताटातूट झाली. एका साच्यातून हजारो वस्तू निघू लागल्या, पण त्या कोणाच्या हातात जाणार हे साचा करणाऱ्याला दिसेना. ही तुटलेली ओळख पुन्हा जोडून देणारा मधला माणूस म्हणजे रचनाकार.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात कशी झाली ते मोठे मौजेचे आहे. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील नामांकित रचनाकार दांपत्य येथे आले. देशभर हिंडून त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. एवढ्या मोठ्या देशात त्यांच्या डोळ्यांत भरले काय, तर आपला साधा लोटा! त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर, डोक्यावर आणि हातात कसा बसावा, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहावा, आतून घासायला हात जावा की नाही, ओतताना धार कशी पडावी, आवाज कसा यावा, उन्हात तो हाताला कसा लागावा, आणि जुना झाल्यावर मोडीत त्याचे काय यावे, अशा कितीतरी प्रश्नांचा त्यांनी एका लोट्यावरून विचार केला. आणि मग म्हणाले की, ही वस्तू कोणा एकाने रचलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे ती सुधारत आली आहेत.

या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. पुढे १९६९ साली मुंबईत पवई येथे आय.आय.टी.मध्ये औद्योगिक रचना केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. ते जर्मनीतील उल्म येथल्या विख्यात रचना-विद्यालयात शिकून आले होते.

आता हा विद्यार्थी शिकतो कसा? पुस्तक पाठ करून नव्हे. त्याला एक काम नेमून देतात, त्याला प्रकल्प म्हणतात. पहिली पायरी, जाऊन पाहणे. दुसरी, पाहिलेल्यातली अडचण नेमक्या शब्दांत मांडणे. तिसरी, एक सोडून पन्नास चित्रे काढणे. चौथी, पुठ्ठ्याचे, मातीचे, लाकडाचे नमुने करणे. आणि पाचवी, सर्वांत अवघड, तो नमुना परक्या माणसाच्या हातात देऊन आपण गप्प बसणे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये मिन-क्यू चोई नावाचा एक कोरियन विद्यार्थी होता. इंग्लंडातील विजेचा प्लग तीन जाड पायांचा, बोजड. संगणक वहीइतके पातळ झाले, पण प्लग मात्र पिशवीत खुपे आणि ओरखडे काढी. चोईने घडी घालता येईल असा प्लग रचला. २०१० साली त्याला इंग्लंडातला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट रचनेचा पुरस्कार मिळाला. लाखो लोक रोज तो त्रास सोसत होते. एका विद्यार्थ्याने तो सोसायचे नाकारले, इतकेच.

पण सोय झाली म्हणजे सारे झाले असे नाही. स्वभावाचा प्रश्न राहतोच. १९८५ साली मायकेल ग्रेव्हज या अमेरिकन रचनाकाराने एका इटालियन कंपनीसाठी चहाची किटली केली. तिच्या तोटीवर एक लहानसा लाल पक्षी बसवला. पाणी उकळले की पक्षी शीळ घालतो. इंग्लंडात घर झाडण्याचे 'हेन्री' नावाचे यंत्र आहे. त्याच्या गोल पोटावर डोळे आणि हसरे तोंड रंगवलेले असते, आणि धूळ ओढणारी नळी सोंडेसारखी पुढे येते. लोक त्याला नावाने हाक मारतात. उलटपक्षी, फिलिप स्टार्क या फ्रेंच रचनाकाराने १९९० साली केलेले लिंबाचे रस काढण्याचे साधन पाहा. तीन उंच पायांवर उभ्या असलेल्या कोळ्यासारखे ते दिसते. जगभर गाजले, पण बऱ्याच घरांत ते फडताळावर शोभेलाच राहिले. किटलीवरचा पक्षी काम करतो. पाणी उकळल्याची वर्दी देतो. कामातून आलेला स्वभाव टिकतो, वरून चिकटवलेला लवकर विटतो.

हे ज्ञान परदेशातूनच आणायला हवे असे मात्र नाही. पुण्यास गेलात तर राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय अवश्य पाहा. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून घरगुती वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथले अडकित्ते पाहावेत. कोणी पोपट, कोणी मोर, कोणी घोडा. सुपारी फोडायला नुसती दोन पाती पुरली असती. पण पान लावणे हा पाहुणचार होता. पाहुण्यापुढे जाणारी वस्तू मुकी असून कशी चालेल? पाय घासायच्या वज्रीचे तसेच. खालून खरखरीत, आणि वर धरायला पक्षी किंवा हत्ती, म्हणजे मूठही झाली आणि मौजही झाली. ज्यांनी ही रचना केली त्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत.

आणि आता आपल्या बीडकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या सरकारी गॅझेटियरात बीड शहराची ख्याती कशाबद्दल सांगितली आहे? चामड्याच्या छागलींबद्दल आणि गुप्तींबद्दल. छागल म्हणजे पाण्याची चामडी पिशवी. संस्कृतात बोकडाला छाग म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. वाटसरूने ती खांद्याला लावावी, गाडीवानाने गाडीला टांगावी. चामड्यातून पाणी किंचित पाझरते, बाहेर वाऱ्याने वाळते, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते; म्हणून चालत्या गाडीवर पाणी गार राहते. माठाचेही तत्त्व हेच. पण माठ फुटतो, छागल फुटत नाही. रिकामी झाली की घडी होते. पाणी कमी, ऊन फार आणि वाटा लांबच्या, अशा मुलखाने आपल्या गरजेतून घडवलेली ही वस्तू होती. छागलीचा स्वभाव हा या मुलखाचाच स्वभाव होता.

आज छागल व्यवहारातून गेली आहे. तिच्या जागी प्लास्टिकची बाटली आणि थर्मास आले. त्याबद्दल नुसते उसासे टाकून उपयोग नाही; बाटली हलकी आहे, स्वस्त आहे, धुवायला सोपी आहे. पण छागल गेली तिच्याबरोबर ती शिवणाऱ्याचे कसबही गेले. कोणते चामडे घ्यावे, शिवण कोठे यावी, तोंड केवढे ठेवावे, हे ज्याला ठाऊक होते त्याला नवी वस्तू घडवण्याचे काम कोणी दिले नाही. वस्तू जुनी होणे हा काळाचा नियम आहे. कारागीर वाया जाणे हा मात्र नियम नव्हे, तो आपला हलगर्जीपणा आहे.

हे बोलणे कोणाला जुन्यात रमणारे वाटेल, म्हणून आजचीच गोष्ट घेतो. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथे 'एक कोयता' म्हणतात. अवजाराचे नाव माणसाला लागावे, इतके ते हाताशी जडलेले. एखाद्या रचना-विद्यार्थ्याला हा विषय द्यावा. त्याने फडात उभे राहून पाहावे. कोयत्याच्या मुठीला कोणी चिंधी गुंडाळली आहे, ती का? मूठ घामाने सुटते म्हणून, की फोड येतात म्हणून? तोच कोयता बाईच्या हाताला जड होतो काय? मोळी डोक्यावर घेताना चुंबळ कशाची करतात, ती सरकते कधी? फळीवरून ट्रकमध्ये चढताना पायाची पकड कोठे सुटते? वापरणाऱ्याने स्वतः केलेली ही चिंधीची, दोरीची, तारेची दुरुस्ती म्हणजे रचनाकाराचे पहिले पुस्तक होय. आणि नवी मूठ करताना ती तांबड्या रंगाची असावी की हिरव्या, हेही तोडणाऱ्यालाच विचारावे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणारा, त्याला गोंडे बांधणारा माणूस आपल्या अवजाराविषयी उदासीन असेल, असे कोणी समजू नये. गरिबाला नुसती स्वस्त वस्तू पुरते, हा समज चुकीचा आहे.

एक इशाराही दिला पाहिजे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या नामांकित कंपनीने मिलान येथे नव्या चपला दाखवल्या. त्या हुबेहूब कोल्हापुरीसारख्या होत्या, पण कोल्हापूरचे नाव त्यांत नव्हते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्याकडे टीका उठली, तेव्हा ही प्रेरणा भारतीय चपलेची आहे हे कंपनीने मान्य केले. वस्तूचा स्वभाव उचलावा, पण तो ज्यांनी घडवला त्यांचे नाव सांगावे आणि त्यांचा वाटा त्यांना द्यावा, हा धडा रचनाविद्येच्या पहिल्या दिवशीच शिकवण्यासारखा आहे.

शिक्षक बंधु-भगिनींना शेवटी एक विनंती. वर्गात एकदा हा पाठ घेऊन पाहा. प्रत्येक मुलाने घरातली वापरात असलेली एकच वस्तू आणावी: पळी, कंदील, खुरपे, शिंकाळे, काहीही. तिचे तीन बाजूंनी चित्र काढावे. ती कोणी केली, कोण वापरतो, कोठे झिजली आहे, कोठे दुरुस्त केली आहे, हे घरच्यांना विचारून लिहावे. मग एकच सुधारणा सुचवून तिचा पुठ्ठ्याचा नमुना करावा. खर्च काही नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत हे अरविंद गुप्ता यांनी देशभरातील मुलांना दाखवून दिलेच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुले तुमच्याकडे असतातच. त्यांतल्या एखाद्याला सांगा की, चित्र काढणारा हात आणि प्रश्न विचारणारे डोके एकत्र आले तर त्याला पुढे वाट आहे. बारावीनंतर आय.आय.टी. मुंबई २०१५ पासून रचनेच्या पदवीसाठी 'यूसीड' नावाची प्रवेशपरीक्षा घेते. तिला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, आणि तीत चित्र काढण्याचाही भाग असतो. अहमदाबादच्या संस्थेची परीक्षा निराळी.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे मूल त्या वर्गात जाऊन बसले, तर कोयत्याची मूठ कशी असावी हे त्याला कोणाकडून ऐकावे लागणार नाही. ते त्याने आईच्या तळहातावर पाहिलेले असेल. असे मूल आपल्या शाळेत आज कोणत्या बाकावर बसले आहे, ते हेरण्याचे काम तुमचे आहे.