बदलणारे आंकडे कोठें ठेवावे ?

गेल्या वर्षी एका चाचणीचा निकाल लावण्याकरितां आम्हीं जावा भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण त्यांत तीन ठिकाणीं आंकड्यांनीं लिहिले होते. पुढें ती मर्यादा ४० वरून ३५ वर आली. आम्हीं दोन ठिकाणीं दुरुस्ती केली, तिसरें ठिकाण विसरलों. परिणामीं ३७ गुण मिळविलेला एक विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरला. निकाल दुसरे दिवशीं सुधारला खरा. परंतु त्या मुलाची एक रात्र रडण्यांत गेली, ती आम्हांस परत देतां आली नाहीं.

असे आंकडे प्रोग्रॅमबाहेर, एकाच जागीं ठेवावे, हा यावरील उपाय होय. याकामीं टाइपसेफ कॉन्फिग ही छोटेखानी लायब्ररी फार सोयीची आहे. ती निव्वळ जावा भाषेंत लिहिलेली असून तिला दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीची गरज लागत नाहीं. तिच्या फाइली होकॉन नांवाच्या पद्धतीनें लिहितात. ही पद्धति म्हणजे जेसनचेंच मोकळें रूप. तींत टिपा लिहितां येतात व अवतरणचिन्हें बहुधा गाळतां येतात.

हिची रचना तीन थरांची आहे. ‘रेफरन्स.कॉन्फ’ या फाइलींत मूळचीं मूल्यें असतात. ‘अ‍ॅप्लिकेशन.कॉन्फ’ मधील मूल्य त्यांवर मात करतें. आणि प्रोग्रॅम सुरू करतांना दिलेली सिस्टिम प्रॉपर्टी या दोहोंवर. घराची नेहमींची रीत, त्यावर सणाची रीत, आणि सर्वांवर आजीचा शब्द, तसेंच हें ! ‘कॉन्फिगफॅक्टरी.लोड’ एवढ्या एका आज्ञेनें हे थर आपोआप जुळतात. मग ‘गेटइंट’ म्हणून हवा तो आंकडा मागावा.

मागितलेलें मूल्य कोठेंच नसेल तर ही लायब्ररी मुकाट्यानें शून्य देत नाहीं; ती चूक स्पष्ट कळविते. म्हणून सर्व मूल्यें आरंभींच वाचून घ्यावीं, म्हणजे काम अर्ध्यावर अडत नाहीं. परवलीचे शब्द मात्र सर्वांच्या हातीं जाणाऱ्या फाइलींत लिहूं नयेत. ते संगणकाच्या परिसर-चलांतून घेण्याची सोय हिच्यांत आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानांत असावी : ३५ च्या जागीं कोणी ४० लिहिले, तर ती चूक कोणतीही लायब्ररी ओळखणार नाहीं. पण आतां तपासावयाची जागा एकच उरली आहे, आणि निकाल लावण्यापूर्वी आम्ही ती न चुकतां उघडून पाहतों.