मुरगळलेला घोटा आणि तोलाची फळी



खो-खोत खुंटाला वळसा घालताना पाऊल आत मुडपते आणि घोट्याच्या बाहेरील अंगाचा अस्थिबंध ताणला जातो, क्वचित फाटतोही. सूज उतरली की मुलगा मैदानात परततो आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. व्यायामशिक्षक या नात्याने हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याचे कारण व त्यावरील साधने आज आपणांसमोर मांडतो.

अस्थिबंध म्हणजे केवळ दोरखंड नव्हे. त्यातील सूक्ष्म मज्जातंतू सांध्याची स्थिती मेंदूला कळवीत असतात. दुखापतीत हा संदेशही बिघडतो, असा विचार ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन यांनी 1965 साली मांडला. डगमगत्या फळीवर तोल साधण्याचा सराव केलेल्या रुग्णांत पाय अचानक दगा देण्याची तक्रार त्यांना कमी आढळली.

प्रथम हाड मोडले आहे काय, हे पाहावे. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर वा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी अवश्य करावी. हाड शाबूत असल्यास आरंभी क्रेप बँडेज बांधून पाय उंचावर ठेवावा. बर्फाने वेदना शमते. तथापि तेवढ्याने अस्थिबंध भरून येत नाही.

वेदना ओसरताच रबरी पट्टी पावलाभोवती अडकवून, तिच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेरच्या बाजूस वळवावे. त्याने घोटा सावरणारे स्नायू बळकट होतात. पुढे पायरीवर उभे राहून टाचा उचलाव्यात.

यानंतर तोलाची फळी. गोल लाकडी फळी आणि तिच्या तळाशी अर्धगोल ठोकळा, एवढीच तिची रचना. भिंतीजवळ उभे राहून आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, पुढे डोळे मिटून आणि अखेर चेंडू झेलीत तोल साधावा. हा सराव काही आठवडे नित्य चालावा. खेळताना घोट्याला पट्टा बांधणे हितावहच. चिकटपट्टी मात्र खेळता खेळता सैल होते.

दुखऱ्या पायावर लंगडी घालता आली आणि इंग्रजी आठच्या आकड्यात वेदनेविना धावता आले, तरच सामन्याची परवानगी द्यावी. अशी फळी कोणताही सुतार सहज घडवील. ती प्रत्येक शाळेच्या व्यायामशाळेत असावी आणि मुलाला मैदानात धाडण्याची घाई आपण वडीलधाऱ्यांनी करू नये, एवढीच माझी विनंती आहे.