रस्त्यावर मीठ, गॅरेजात गाडी

ब्रिटनमधील स्थानिक मोटारसायकल क्लबांचे वर्ष दोन ऋतूंत वाटलेले असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात, पुढे दुपारी चारलाच अंधारू लागते आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनचा दिवसही आठ तासांहून लहान होतो. तेव्हा बहुतेक सभासदांच्या गाड्या गॅरेजात जातात त्या वसंतापर्यंत तिथेच राहतात. सह्याद्रीच्या घाटांत दुचाकीवर भटकणाऱ्या मराठी माणसाला हे उफराटे वाटेल, कारण त्याचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि गोव्यात वागातोरला भरणारा रॉयल एनफिल्डचा मेळावाही नोव्हेंबरातच असतो. ब्रिटनमध्ये मात्र गाड्या उभ्या राहिल्या की क्लबाच्या अंतर्गत कारभाराला वेग येतो, त्यामुळे ही संस्था नेमकी कशासाठी आहे हे उन्हाळ्यातील सहलींपेक्षा हिवाळ्यातील बैठकांतच अधिक स्पष्ट दिसते.

गाडी उभी करण्यामागे थंडीइतकाच मिठाचा धाक असतो. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून स्थानिक प्रशासन खनिज मीठ पसरते. चेशायरमधील विन्सफर्डची भूमिगत खाण हा त्याचा एक मोठा स्रोत आहे. मिठाचे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, पण चाकांनी उडवलेले तेच पाणी साखळीत, सायलेन्सरवर आणि क्रोमच्या मुलाम्याखाली शिरून गंज चढवते आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड आणते. म्हणून गाडी धुऊन, पुसून, चाके जमिनीपासून उचलून ठेवली जाते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्ले साचलेली असतात म्हणून ते आधीच बदलले जाते, आणि पडून राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसू नये म्हणून तिला मंद गतीने चार्ज करणारे उपकरण जोडले जाते. 2021 पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी हा वाद दरवर्षी नव्याने रंगतो आणि दरवर्षी अनिर्णित राहतो.

हा वाद ज्या ठिकाणी होतो त्या बैठकीला ‘नॉगिन अँड नॅटर’ असे जुने नाव आहे. नॉगिन म्हणजे पेयाचा लहान पेला आणि नॅटर म्हणजे निवांत गप्पा. ही बैठक बहुधा पबच्या मागच्या खोलीत भरते, आणि पब म्हणजे केवळ गुत्ता असा समज ज्यांचा असेल त्यांनी त्याला गावची चावडी मानले तर चित्र अधिक खरे होईल. एखाद्या संध्याकाळी जुना शर्यतपटू आठवणी सांगतो, एखाद्या दिवशी प्रश्नमंजूषा असते, तर कधी कुणीतरी वर्तमानपत्राच्या कागदावर कार्ब्युरेटर उघडून बसतो आणि त्याभोवती पाच-सहा परस्परविरोधी निदाने गोळा होतात. वर्गणीचे नूतनीकरण, स्नेहभोजन, करंडकवाटप आणि वार्षिक सर्वसाधारण सभाही प्रायः याच महिन्यांत उरकली जाते. गृहनिर्माण सोसायटीची सभा अनुभवलेल्या वाचकाला तिथली, सचिवपदासाठी नाव पुकारताच पसरणारी शांतता परकी वाटणार नाही.

सगळेच काही घरात बसत नाहीत. 1901 मध्ये स्थापन झालेल्या ‘मोटर सायकलिंग क्लब’ने 1910 मध्ये नाताळच्या सुटीत लंडन ते एक्सेटर अशी चाचणी सुरू केली आणि ती आजही जानेवारीत होते. अशा चाचणीत, म्हणजे इंग्रजीतील ‘ट्रायल’मध्ये, वेगाला महत्त्व नसते, चिखलाचा, दगडधोंड्यांचा खडा चढ न थांबता पार करणे एवढीच कसोटी असते. वेल्सच्या उत्तर भागातील कॉनवीच्या क्लबाने 1962 मध्ये सुरू केलेल्या ‘ड्रॅगन रॅली’त तर ऐन फेब्रुवारीत तंबू ठोकून राहायचे असते, आणि तंबू भिजला नाही तर सांगण्याजोगे काही घडलेच नाही असे मानले जाते.

तरीही हिवाळ्यातील सर्वांत मोलाचे काम सुट्या भागांचे आहे. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीने 1955 मध्ये मोटारसायकली बनवणे थांबवले, वेलोसेट 1971 मध्ये बंद पडली आणि एकेकाळी जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी बीएसए 1973 च्या सुमारास कोसळली, पण गाड्या उरल्या. कारखान्यामागे राहिलेली पोकळी मालकांच्या क्लबांनी भरून काढली: व्हिन्सेंटच्या मालकांचा 1948 मध्ये स्थापन झालेला क्लब पुढे सुट्या भागांची स्वतंत्र कंपनी उभी करण्यापर्यंत गेला, आणि ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’ ही 1946 ची संस्था जुनी कागदपत्रे जपून इंजिन व चासी नंबरांवरून गाडीचे वर्ष प्रमाणित करू लागली. जे भाग नव्याने होत नाहीत ते ‘ऑटोजंबल’मध्ये, म्हणजे जुन्या भागांच्या बाजारात, शोधले जातात; हे नाव ब्युलीच्या मोटार संग्रहालयाने 1967 मध्ये भरवलेल्या बाजारामुळे रूढ झाले. रॉयल एनफिल्डची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण 1950 च्या दशकात मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट इंग्लंडमधील रेडिचचा मूळ कारखाना बंद पडल्यावरही तयार होत राहिली आणि 1977 पासून चक्क ब्रिटनलाच निर्यात होऊ लागली, त्यामुळे तिच्या मालकांना मायदेशी बंद झालेली गाडी परदेशातून कोरी मिळू लागली.

क्लबाच्या हिवाळी वार्तापत्रात आता श्रद्धांजलीची पानेही असतात, कारण जुन्या गाड्यांच्या क्लबांतील अनेक सभासद वृद्ध झाले आहेत. सभासद गेल्यावर त्याच्या गॅरेजात सापडलेल्या पेट्या, खोके आणि अर्धवट जोडलेली इंजिने पाहून कुटुंबीय गोंधळतात आणि पडेल भावात सर्व उचलून नेणारा व्यापारी लवकरच दाराशी येतो. अशा वेळी क्लबातील दोघे-तिघे जाणते जाऊन खोक्यांतला कोणता भाग कोणत्या गाडीचा ते ओळखतात, चिठ्ठ्या लावतात, वाजवी किंमत सांगतात आणि शक्यतो ती गाडी कागदपत्रांसह दुसऱ्या सभासदाकडे जाईल असे पाहतात. त्या खोक्यातला एखादा कार्ब्युरेटर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पबच्या टेबलावर उघडला जातो.